हौदातला समुद्र

आमच्या मळ्यातल्या जुन्या दगडी हौदाला आतून अजून एक पांढरी रेघ आहे. शेळ्या पुढचे पाय काठावर टेकवून, मान आत घालून ती चाटतात. नवं माणूस विचारतं, चुना आहे का? चुना नाही, मीठ आहे. शेवगावहून समुद्र गाठायचा तर एसटीत अख्खा दिवस जातो, आणि तरी एका हिवाळ्यात तो आमच्या या हौदात होता.

"तुमचा समुद्राशी काय संबंध?" हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. पहिल्यांदा विचारलं ते नगरच्या स्टँडवर, मी पत्रकं वाटत होते तेव्हा. पत्रकावर डॉल्फिनचं चित्र होतं. एक धोतरवाले बाबा म्हणाले, "ताई, हितं मार्च लागला की टँकर येतो. अन् तुमी आमाला समुद्रातल्या माशाचं सांगता व्हय?"

मी म्हणाले, "मासा नाही तो, बाबा. आणि आपल्याकडं टँकर येतो म्हणून तिकडं कुणी मेलं तरी चालतं, असं कुठं लिहिलंय का?"

बाबांनी पत्रकाचा कोन केला आणि त्यात शेंगदाणे घेतले. मला राग आला. पण शेंगदाणे संपल्यावर त्यांनी तो कागद मांडीवर सपाट केला आणि बराच वेळ चित्र बघत बसले, हेही मी पाहिलं. माझी पत्रकावरची श्रद्धा त्या दिवशी टिकली ती त्यांच्यामुळं.

माझं हे सगळं कॉलेजच्या एका शिबिरात सुरू झालं. आम्हाला पालघरकडच्या किनाऱ्यावर नेलं होतं. तिथं सकाळी वाळूत डॉल्फिनची एक मेलेली मादी पडलेली. करडी, म्हशीच्या रेडकाहून मोठी, पाठीवर उंचवटा, शेपटीला नायलॉनच्या दोरीचे खोल वळ. माणसं तिच्याजवळ उभी राहून फोटो काढत होती. एकानं तर आपलं लेकरू उचलून तिच्या पाठीवर बसवलं, आणि बायकोला म्हणाला, घे, घे पटकन. मी त्या माणसाशी भांडले. पुढं त्याच किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका लहानशा गटात मी गेले आणि भांडणं हेच माझं काम झालं.

भांडायला कारण होतं. हा डॉल्फिन लांब खोल समुद्रातला नाही. तो किनारा धरून राहतो, खाडीच्या तोंडाशी, उथळ गढूळ पाण्यात. जिथं माणसाला मासळी मिळते तिथंच त्याला मिळते. मच्छीमार पाण्यात पडद्यासारखं उभं जाळं सोडतात, ते त्याला कळत नाही. तो अडकतो. त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं, तुमच्या-माझ्यासारखं. वर येता आलं नाही की तो मरतो. "समुद्रात जन्मलेलं जनावर समुद्रात बुडून मरतं" असं मी पत्रकात लिहिलं, तर आमच्याच गटातल्या एकानं खोडलं. म्हणे भडक वाटतं. मी परत लिहिलं. आहेच भडक, तर वाटू दे की.

त्या किनाऱ्यावरच्या एका गावात एक नाखवा होता, म्हणजे बोटीचा मालक. पन्नाशीचा, फटकळ, उन्हानं काळाठिक्कर. आमच्या सभेला आलेले बाकीचे चहा पिऊन निघाले, हा एकटा मागं थांबला. आदल्या हंगामात त्याच्या जाळ्यात एक मादी मेली होती. जाळं ओढेपर्यंत तिचं पिल्लू बोटीभोवती फिरत होतं. ते सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

"बंदी-बिंदी मला सांगू नको गो," तो म्हणाला. "मोठे ट्रॉलर किनाऱ्यापर्यंत खरवडून जातात, त्यांना कोण विचारत नाय. सगळे आमालाच शिकवतात. मला सांग, मी माझ्या जाळ्याचं काय करू?"

मला तो माणूस तिथंच आवडला, कारण त्याचा राग माझ्या रागाच्या जातीचा होता.

आमच्याकडं एक उत्तर होतं, अर्धवट. जाळ्याला थोड्या थोड्या अंतरावर छोटी यंत्रं बांधायची. ती पाण्यात टिक टिक आवाज करतात, डॉल्फिनला लांबून ऐकू जातं, पुढं काहीतरी आहे हे कळतं. बाहेरच्या देशात मिळतात, पण ती घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. गटातल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलानं आतली सर्किटं जुळवली. डबी कोण करणार, असं विचारल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील करतील."

नाखवा म्हणाला, "खाडीच्या तोंडाला आता दुसरी जोडी हाय. आई न पिल्लू. पिल्लाच्या पाठीवरच्या परावर खाच हाय, लगेच ओळखू येतं. लाव तुझं यंत्र. होळीपर्यंत बघतो. जाळं गुंतलं, मासळी गेली, नायतर ती जोडी अडकली, तर परत या बंदरावर कागद घेऊन यायचं नाय. मी नाय म्हटलं का कोणच हो म्हणनार नाय, ते पण समजून ठेव."

ते मला आधीच समजलं होतं. बाकीचे बोटीवाले त्याच्याकडंच बघत होते.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, नागापूरला एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपमध्ये फिटर होते. आठवडाभर तिथं खोलीवर राहायचे, सुट्टीला घरी यायचे. मी होस्टेलला, मग किनाऱ्यावर. आई आणि चुलते म्हणजे तात्या मळ्यात. आम्ही सगळे एका वेळी घरात आहोत असं दिवाळीला व्हायचं, आणि त्या हिवाळ्यात झालं.

मी दादांना मोबाईलवर डॉल्फिनचा फोटो दाखवला, त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला. "आयला, ह्याला तं वशिंड हाय!"

"बघू," आई पुढं वाकली. "व्हय की वं. बैलावानी."

मी पत्रकात 'पाठीवर कुबडासारखा उंचवटा' लिहीत आले होते. पुढच्या पत्रकापासून वशिंड लिहिलं. गटातल्या मुंबईच्या मुलीला तो शब्द समजावून सांगावा लागला. ते नवं पत्रक मी नगरला वाटलं, ते मात्र कुणी शेंगदाण्याला घेतलं नाही.

यंत्र काय करतं ते सांगितल्यावर दादा म्हणाले, "मंजी टिटवी."

आमच्या माळावर टिटव्या लई. उघड्यावर अंडी घालतात, आणि माणूस नुसता बांधापर्यंत आला तरी डोक्यावर घिरट्या घालून कल्ला करतात. "मारत न्हाई, धरत न्हाई," दादा म्हणाले. "नुसतं सांगती, हिकडं यिऊ नको. लई शानं पाखरू." झालं. यंत्राचं नाव टिटवी पडलं, ते आजही त्या बंदरावर टिटवीच आहे. तिथं ते पाखरू फार कुणी बघितलेलं नाही, तरी.

दादांनी पाइपाचे तुकडे कापले, दोन्हीकडून बूच बसवलं, लोखंडी क्लॅम्प आवळले. नगरच्या फिटरला कुठलीही वस्तू दिली तरी तो तिला क्लॅम्प आणि नटबोल्ट लावणारच, त्याशिवाय त्याला झोप येत नाही. मग आम्ही सगळे विहिरीवर गेलो. दादांनी आत वायसर टाकून टाकून प्रत्येक टिटवीचं वजन असं जुळवलं की ती सावकाश खाली जायची आणि दोरीला सरळ लटकायची. रात्रभर विहिरीत ठेवल्या. सकाळी एकीतही थेंबभर पाणी नव्हतं आणि सगळ्या वाजत होत्या. तात्यांनी नारळ फोडला.

मी पोतं घेऊन ऐटीत किनाऱ्यावर गेले.

थोड्याच दिवसांत नाखव्याचा फोन. पाठीमागं वारा आणि इंजिन. "ए पोरी, तुमच्या हिरीत डॉल्फिन हाय का गो?"

"का?"

"असला तर ह्या टिटव्या त्यालाच लाव. हितं त्या पोहायला लागल्यात!"

खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त तरंगते. शाळेत सगळे शिकतात. विहिरीत लटकणाऱ्या टिटव्या समुद्रात वर आल्या आणि जाळ्याच्या वरच्या दोराला वेणीसारख्या गुंडाळल्या. क्लॅम्प गंजून फुगले, काही सुटून तळाला गेले. नाखव्याचा अख्खा दिवस जाळं सोडवण्यात गेला होता.

गोड्या पाण्याच्या विहिरीत समुद्राची परीक्षा घेणं, हे फक्त आमच्याकडच्या माणसांनाच सुचू शकतं. आमच्यासाठी पाणी म्हणजे पाणी. ते आहे का नाही, एवढाच आमचा प्रश्न. ते कसलं आहे, हा प्रश्न पडायला आधी ते भरपूर असावं लागतं.

मी बंदरावर गेले तेव्हा नाखवा शिव्या देईल म्हणून तयारीत होते. त्यानं कोल्ड्रिंकची एक रिकामी बाटली पाण्यात बुडवून भरली, बूच लावलं आणि माझ्या हातात दिली. "हा समुद्र. बापाला दाखव. त्यानं कधी बघितला नसंल."

"नाही बघितला."

"दिसतंय ते. होळी अजून लांब हाय, जा."

जोडी दिसते का, असं मी विचारलं. त्यानं हातानं खाडीकडं दाखवलं. मला काही दिसलं नाही, पण त्यानं दाखवलं म्हणजे होती.

दादांनी बाटली उजेडात धरून फिरवली. वास घेतला. मग गोठ्यामागच्या जुन्या हौदाकडं गेले, तो वापरात नव्हता. पाला काढला, मोटर चालू करून हौद भरला आणि म्हणाले, "ह्याचाच समुद्र करू. मीठ किती लागंल?"

लिटरमागं किती, ते मला माहीत होतं. हौदात किती लिटर, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी लांबी-रुंदी मोजायला लागले, तर हौद एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला खचलेला. आईनं बाटलीत करंगळी बुडवून जिभेला लावली. तोंड वाकडं केलं. "टाका तुमी. मी सांगते."

तात्या दुकानातून खडेमीठ आणायला गेले. पहिल्यांदा दुकानदार काही बोलला नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, "हिरीचं लोनचं घालता का काय?" तिसऱ्यांदा तात्या सायकलवरून उतरताच त्यानं न विचारता पोतं पुढं ओढलं आणि स्वतःच मागं मागं मळ्यात आला, हे काय चाललंय ते बघायला. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं.

दादा बांबूनं ढवळायचे. आई एकदा बाटली चाखायची, एकदा हौद. मधे चूळ भरायची. "अजून... अजून... कालवन असतं तं फेकून दिलं असतं... अजून थोडं." शेवटी तिनं दोन्ही बोटं आलटून पालटून चाखली आणि पदरानं तोंड पुसलं. "झाला बगा तुमचा समुद्र."

बघायला आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर हौदात पाय सोडून घेतले, सांधे मोकळे होतात म्हणून.

संध्याकाळी तात्यांची म्हैस चरून आली आणि जुन्या सवयीनं थेट त्या हौदावर गेली. एक घोट घेतला, वरचा ओठ उलटा केला, आणि अशी फुरफुरली की आईच्या हातातलं ताट पडलं. तात्या धावत आले. आतापर्यंत नारळ फोडणारे तात्या, पण म्हशीपुढं त्यांना कोणी नाही.

"बास झाला त्यो खेळ! माजी म्हस आटली म्हंजी तुज्या डॉल्फिनचं दूध काढून देशील का गं?"

"डॉल्फिन दूध देतोच, तात्या. पिल्लाला पाजतो."

"चल! थट्टा नको करू."

"खरंच. अंडी नाही घालत. एकच पिल्लू होतं, आईच्या कासेला पितं, आणि लई दिवस आईला सोडत नाही."

तात्या म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "मंजी म्हसरूच की त्ये. दर्यातलं." आणि म्हशीला कासऱ्यानं ओढून पलीकडच्या हौदावर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिठाच्या हौदाभोवती बाभळीच्या काटेरी फांद्या लावून घेतल्या, जनावरं येऊ नयेत म्हणून. आम्हाला कुणाला ते सुचलं नव्हतं.

दादांनी वर्कशॉपमधून राहिलेली सगळी रजा टाकली. टिटवी नव्यानं झाली. लोखंड बाद. ठिबक सिंचनाच्या नळीच्या टोकाला फिरवून बसवायच्या, आट्याच्या एंड कॅपा, आत रबराची गोल रिंग, वजनाला धुतलेली वाळू. आमच्या तालुक्यात ठिबकचं सामान चहाच्या टपरीइतकं सहज मिळतं. पहिल्या खेपेला कॅपातून पाणी झिरपलं आणि सर्किट गेलं. दुसऱ्या खेपेला वाळू जास्त झाली, टिटवी तळाला बसली. होळी जवळ येत होती. मी फोन हातात घेऊन बसायचे. एकदा त्यानं फक्त एवढंच सांगायला फोन केला, की आज जाळं टाकलं नाही, कारण जोडी फार जवळ होती. "पण रोज नाय जमनार," तो म्हणाला. "माजं पन पोट हाय."

दादा रोज दिवस मावळताना हौदावर जायचे. फिटर लोक इंजिनच्या बेअरिंगचा आवाज ऐकायला लांब स्क्रू ड्रायव्हर वापरतात, टोक इंजिनला आणि मूठ कानाला. दादा तसं टोक पाण्यात बुडवून टिटवीला टेकवायचे आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभे राहायचे. एकेकीचं ऐकायचे. मग मला द्यायचे. कानात टिक, टिक, टिक. बाहेर माळावरच्या खऱ्या टिटव्या ओरडत असायच्या. ज्वारी पोटऱ्यात होती, कणसं बाहेर पडायची होती, थंडी अंगात शिरायची, आई चुलीजवळून हाक मारायची की बास करा आता, भाकरी निवली.

मी नंतर पुष्कळ मोठ्या बैठकांना बसलेय. गार हॉल, टेबलावर बाटलीतलं पाणी, पडद्यावर डॉल्फिन, आणि 'सर्व घटकांना विश्वासात घेऊन' असं बोलणारे लोक. त्यातल्या एकानंही कधी हात पाण्यात घातलेला मला दिसला नाही. तिथं बसलं की मला तो स्क्रू ड्रायव्हर आठवतो, त्याची लाकडी मूठ गार असायची, दादांच्या कानाची थोडी ऊब तिला असायची. तसे दिवस परत आले नाहीत. येणारही नाहीत, दादांना आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

तिसऱ्या खेपेच्या टिटव्या हौदात टिकल्या, त्या मी होळीच्या आत पोचवल्या. नाखव्यानं एकेक हातात घेऊन वाजवून पाहिली, जाळ्याला बांधली. मग होळी आली. बंदरावर मोठी होळी असते, सगळे नाचत होते. मी फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला.

"होळी झाली," मी म्हणाले.

"झाली."

"मग?"

"मी काय बोललो का तुला?"

"नाही."

"मग झालं तर."

एवढ्यावर त्यानं फोन ठेवला. मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बोलला न्हाई म्हंजी बरंच असंल." पण जोडीचं काय, ते मला विचारताच आलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा नाखव्याच्या गावची मंडळी शिर्डीला पायी येतात. तो शिर्डीहून सरळ आमच्याकडं आला. हातात सुक्या बोंबलाचं पुडकं, पायाला चालून फोड. आईनं पाणी दिलं, दादांनी खाट टाकली, तात्या हातचं काम टाकून आले. 

मग नाखव्याला हौद बघायचा होता. पाणी केव्हाच आटलं होतं, आमच्याकडं पाऊस अजून पडायचा होता, काठाला मिठाची रेघ. त्यानं बोट ओलं करून रेघेवर घासलं आणि चाखलं.

आईनं दबकत विचारलं, "बरूबर हुतं का वं मीठ?"

"थोडा कमी," नाखवा म्हणाला. आई अशी हसली की पदर तोंडात धरावा लागला.

दादांनी तेव्हा विचारलं. बहुतेक ते याचसाठी दिवसभर थांबले होते. "खरंच दिसतं का वो त्ये वशिंड? लांबून?"

"दिसतं की. वर आली का आधी तेच दिसतं. आईला मोठा हाय. पिल्लाला अजून नाय आला." त्यानं बोट पँटला पुसलं. "येईल. मोठा होईल तसा येतो."

तात्या पटकन म्हणाले, "मंजी जित्तं हाय."

"दोघं पन. टिटवी वाजते तिथनं लांबून वळून जातात. मासळी हाय तेवढीच हाय." मग दादांकडं वळून, "माझ्या भावाच्या जाळ्याला पन पायजेत. कराल?"

दादा म्हणाले, "करू की," आणि उठून उगाच मोटर बघायला गेले.

टिटव्यांनी समुद्र वाचला, असं मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. थोड्या बोटींच्या जाळ्यांवर त्या वाजतात. ट्रॉलर अजून किनारा खरवडतात, वाळूवर अजून कुणीतरी मरून पडतं, फोटो काढणारे अजून येतात, आणि मी अजून भांडते. नागापूरचं वर्कशॉप बंद झालं. दादा मळ्यातच असतात. समुद्र त्यांनी अजून बघितला नाही. दरवर्षी पुढच्या वर्षी जाऊ म्हणतात. नाखव्याची बाटली देव्हाऱ्याच्या फळीवर आहे, गंगेच्या गडूशेजारी.

गेल्या थंडीत नाखव्यानं फोटो पाठवला. गढूळ पाणी, दोन पाठी, धाकट्या परावर खाच. मी दादांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला, खाचेच्या खाली बघत राहिले.

"आलं गं," ते म्हणाले. "वशिंड आलं त्याला." आणि मोबाईल तसाच हातात धरून तात्यांना दाखवायला गोठ्याकडं गेले.